एकदाच उतरायचं पाणी

बाबा सिंगापूरला आमच्याकडे राहायला आले, त्यानंतर थोड्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं की ते फार आंघोळी करतात. सकाळची, जेवणाआधीची, संध्याकाळी खाली फिरून आल्यावरची, आणि कधीकधी मध्येच, काही कारण नसताना. मी उकाड्याला दोष दिला. चोआ चू कांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये दुपारचं ऊन थेट हॉलमध्ये येतं आणि पुण्याहून आलेल्या माणसाला इथली दमट हवा सोसत नाहीच. पण एकदा मी घरून काम करत असताना बाथरूममधून पाण्याचा आवाज येत राहिला, येतच राहिला. मी दार वाजवलं. उत्तर नाही. पुन्हा वाजवलं, तेव्हा आतून अगदी शांत आवाज आला, "झालंच." बाहेर आले तेव्हा त्यांचे खांदे घासून घासून लाल झाले होते.

मी काही विचारलं नाही. विचारायची भीती वाटली.

आई जाऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं. शेवटची काही वर्षं तिला स्मृतिभ्रंश झाला होता. आधी ती गॅस बंद करायला विसरू लागली, मग माझं नाव विसरली, मग बाबा कोण हेही विसरली. मी एकुलती एक, आणि इथे नोकरीत अडकलेली. बाबांनी एकट्यानं तिचं सगळं केलं. तिला न्हाऊ घालणं, भरवणं, वेणी घालणं. बाई ठेवा म्हटलं तर ऐकायचे नाहीत. सगळे नातेवाईक म्हणायचे, असा नवरा मिळायला भाग्य लागतं. मीही म्हणायचे. ती गेल्यावर बाबांच्या हृदयाच्या एका वाहिनीत स्टेंट घालावा लागला आणि मी हट्टानं त्यांना इकडे घेऊन आले.

बाबा शाळेत इतिहास शिकवायचे. इथे त्यांना बोलायला कोणी नव्हतं. मी आणि माझा नवरा दिवसभर ऑफिसात. मग आमच्या ब्लॉकच्या खाली, व्हॉइड डेक म्हणतात त्या मोकळ्या तळमजल्यातल्या दगडी बाकांवर, त्यांची आमच्याच ब्लॉकमध्ये वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एका चिनी बाईंशी ओळख झाली. त्या निवृत्त प्राध्यापिका, प्राचीन रोमचा इतिहास शिकवायच्या. दोन मास्तर भेटल्यावर काय, तास भरायला लागले. बाबा जेवताना रोमन रस्त्यांबद्दल, दुष्काळांबद्दल सांगू लागले. मला बरं वाटलं. त्या बाई दर रविवारी एका छोट्या चर्चमध्ये जातात हे मला माहीत होतं, पण त्यात मला वावगं काही दिसलं नव्हतं.

मग एका शनिवारी सकाळी, पोह्यांची बशी समोर असताना, बाबा म्हणाले, "मी बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलंय. समुद्रात. पुढच्या महिन्यात."

माझ्या नवऱ्यानं चमचा खाली ठेवला. "म्हणजे बाबा, तुम्ही ख्रिश्चन होणार?"

"हो."

डोक्यात एकदम कितीतरी गोष्टी आल्या. पुण्यातले काका काय म्हणतील. कोणी यांना फसवलंय का. उद्या यांचं काही झालं तर मी काय करायचं, अग्नी की माती? बाबांना माझा चेहरा दिसला असावा. ते मला वर्गातल्या आवाजात समजावू लागले.

"अगं, पहिल्या काही शतकांत पुष्कळ लोक हे मुद्दाम लांबणीवर टाकायचे. अगदी मरायला टेकेपर्यंत. कारण ते पाणी एकदाच मिळायचं. त्याआधीचं सगळं धुतलं जाणार, पण नंतर एखादं मोठं पाप घडलं तर परत उतरायची सोय नाही. मग लोक म्हणायचे, घाई कशाला? राजेसुद्धा अंथरुणावर पडल्यापडल्या घ्यायचे."

त्यातलं मला एवढंच ऐकू आलं, मरायला टेकेपर्यंत.

त्यांनी काही आजार लपवलाय असं मला वाटलं. सोमवारीच रजा टाकून मी त्यांना हृदयाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. रिपोर्ट चांगले होते. मी डॉक्टरांना विचारलं, समुद्रात बुडी मारली तर चालेल का? ते माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, कमरेएवढ्या पाण्यात, क्षणभर, कोणी धरलेलं असेल तर हरकत नाही. बाबा शेजारी खुर्चीत हसत बसले होते.

रिपोर्ट चांगले आले तशी मी जास्तच घाबरले. आजार नाही, मग शेवटचं म्हणून हे काय चाललंय? बाबांना पोहता येत नाही. बायको गेलेला, परक्या गावात दिवसभर एकटा असणारा म्हातारा माणूस अचानक समुद्रात उतरायचं म्हणतो, तेव्हा पोटच्या मुलीनं काय समजायचं? मी त्यांच्या गोळ्यांचा डबा माझ्या कपाटात ठेवला आणि रोजच्या गोळ्या स्वतः हातात देऊ लागले. आम्ही अकराव्या मजल्यावर राहतो. मी हॉलच्या खिडक्यांना कुलूप लावून घेतलं. नवरा म्हणाला, "अगं, ते सरळ सरळ देवाबद्दल बोलतायत. तू भलतंच काय घेऊन बसलीस?" पण रात्री तोही दोनदा उठून त्यांच्या खोलीत डोकावून आला.

शेवटी मी त्या बाईंच्या घरी गेले. भांडायलाच गेले होते. दार उघडल्या उघडल्या म्हणाले, "माझ्या वडिलांच्या डोक्यात हे तुम्ही भरवलंत."

त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. "तुझ्या वडिलांनी मला देवाबद्दल विचारलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "त्यांनी विचारलं, त्या काळचे लोक कशाला घाबरायचे. तिथून सुरुवात झाली."

मग त्यांनी मला सांगितलं. आपल्याला वाटतं, बाप्तिस्मा म्हणजे डोक्यावर चार थेंब आणि नंतर केक. त्या पहिल्या मंडळींचं तसं नव्हतं. काही ठिकाणी माणसाला वर्ष वर्ष, कधी त्याहून जास्त काळ शिकावं लागे, आणि तोवर प्रार्थनेच्या मुख्य भागाआधी त्याला बाहेर पाठवत. दिवस जवळ आला की उपास, रोज डोक्यावर हात ठेवून आतलं वाईट हुसकावणं, आदल्या रात्री जागरण. मग अंगावरचे सगळे कपडे उतरवायचे, दागिनासुद्धा ठेवायचा नाही. मावळतीकडे, अंधाराच्या दिशेला तोंड करून उभं राहायचं आणि सैतान समोर उभा असल्यासारखं त्याला तोंडावर सांगायचं, तुझं माझं संपलं. मग उगवतीकडे वळायचं. श्रद्धेबद्दल तीन प्रश्न, तीन उत्तरं, तीनदा पाण्याखाली.

"त्या हौदाला ते थडगं म्हणायचे," त्या म्हणाल्या, "आणि गर्भाशयही म्हणायचे. एकाच पाण्यात मरायचं आणि त्याच पाण्यात जन्मायचं. अंग धुणं हा त्यातला सगळ्यात लहान भाग. भीती वाटायलाच हवी होती. छळाच्या दिवसांत तर या पाण्यातून बाहेर आलेला माणूस पुढे खरोखरच मारला जाऊ शकत होता."

थडगं हा शब्द ऐकून मी उठून उभी राहिले. मी विचारलं, "माझ्या बाबांना काय धुवायचंय?"

"मला माहीत नाही. मी विचारलं नाही. तू मुलगी आहेस, तू विचार."

मी नाही विचारलं. मी भलतंच विचारलं. दुसऱ्या दिवशी बाबांना चहा देताना म्हणाले, "समुद्रच कशाला? डोक्यावर ओतलं तरी चालतं म्हणे."

"चालतं की," बाबा म्हणाले. "अगदी सुरुवातीच्या लोकांनीच ती सूट दिली होती. वाहतं पाणी नसेल तर साठवलेलं घ्या, तेही पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. पण इथे चारी बाजूंनी समुद्र आहे. सूट कशाच्या जोरावर मागू?"

"मग आपल्या नद्या काय वाईट आहेत? आपण काशीला जाऊ. मी घेऊन जाते तुम्हाला. तिथेही लोक पाप धुतातच ना?"

बाबांनी कप बाजूला सरकवला. "गंगेत परत परत उतरता येतं गं. ती पुन्हा पुन्हा पोटात घेते. तिची मला भीतीच वाटत नाही. मला भीती वाटेल असं पाणी हवंय."

त्या वेळी मी उठून बेसिनपाशी गेले आणि उगाच स्वच्छ भांडी पुन्हा विसळत बसले. बाबांनी इतकं घाबरावं असं आयुष्यात काय केलं असेल? मी अंदाज करायला लागले की मन एका ठिकाणी जाऊन थबकायचं आणि मी त्याला मागे ओढायचे.

ठरलेल्या रविवारी पहाटेच आम्ही टॅक्सीनं ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर गेलो. आभाळ भरलेलं होतं. समुद्रात दूरवर मालवाहू जहाजं नांगर टाकून उभी होती, त्यांचे दिवे अजून विझले नव्हते. लांब कुठेतरी गडगडलं. इथे वीज चमकायला लागली की पाण्यात कोणी उतरत नाही, आणि मी मनातल्या मनात वीज मागत होते. पण ढग तसेच अडून राहिले.

चर्चची जेमतेम दहाबारा माणसं होती. त्यांचे पास्टर म्हणजे एक तरुण तमिळ गृहस्थ, टीशर्ट आणि हाफपँटमध्ये, माझ्याशीही अदबीनं बोलले. बाबांनी जुन्या पद्धतीप्रमाणे आधी पश्चिमेकडे तोंड करून उभं राहायची परवानगी मागितली होती आणि त्यांनी ती दिली होती. बाबा पांढरा सदरा आणि लेंगा घालून गुडघाभर पाण्यात गेले. मी बरोबर गेले. मला कोणी अडवलं नाही. सलवार पायांना चिकटली. तळाची वाळू पायाखालून सरकत होती.

बाबा पश्चिमेकडे वळले. तिकडे शहरातल्या उंच इमारती होत्या आणि त्यांच्यामागे अजून रात्रच होती. पास्टर इंग्रजीत म्हणाले, "तुम्हाला जे सोडायचंय ते तुमच्या भाषेत सांगा, अंकल."

बाबा मराठीत बोलले. मोठ्यांदा, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असं.

"मी तिला मारलं. एकदा नाही. ती मला घाबरत घाबरत गेली. लोकांनी मला चांगला म्हटलं आणि मी म्हणू दिलं. हे आजारानं नाही केलं. मी केलं."

किनाऱ्यावरचे लोक मान खाली घालून उभे होते. त्यांना एक अक्षर कळलं नव्हतं. माझा नवरा लांब, टॉवेल घेऊन उभा होता, वाऱ्यात त्याला ऐकू गेलं नाही. त्या अख्ख्या समुद्रकिनाऱ्यावर हे कळणारी मी एकटीच होते.

मला ते फोन आठवले. मी व्हिडिओ कॉल करायचे तेव्हा आई पडद्यात मागे मागे सरकायची, खांद्यात मान खुपसायची. मला वाटायचं, मोबाइलला बुजते. तिच्या शेजारी बाबा बसलेले असायचे.

बाबा पूर्वेकडे वळले. तिकडे जरा उजाडलं होतं. पास्टर आणि आणखी एक गृहस्थ त्यांना कमरेएवढ्या पाण्यात घेऊन गेले. मी जिथल्या तिथे उभी. प्रश्न विचारला, बाबा पहिल्यांदा खाली गेले, वर आले. दुसऱ्यांदा गेले, वर आले. तोंड उघडं, पांढरे केस कपाळाला चिकटलेले. तिसऱ्यांदा ते खाली गेले आणि त्याच वेळी कुठल्याशा बोटीची लाट आली. धरणाऱ्या दोघांचाही तोल गेला. बाबा वर आले नाहीत.

पाय हलेनात. पाण्यावर सदऱ्याचा फुगा दिसला आणि नाहीसा झाला. मग माझ्या घशातून कसलातरी आवाज निघाला आणि मी धावले, म्हणजे पाण्यात जसं धावता येतं तसं. पास्टर आणि मी एकदमच पोचलो. माझ्या मुठीत सदऱ्याची कॉलर आली. आम्ही ओढून त्यांना उभं केलं. त्यांचा चेहरा काळानिळा पडला होता, हात छातीवर होता. ते खोकले, पाणी ओकले, परत खोकले.

"बाबा! बाबा, छातीत दुखतंय का?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "आहे," ते म्हणाले. "आहे मी."

नवरा कपड्यांनिशी पाण्यात आला होता. आम्ही त्यांना बाहेर आणलं, कोरडा पांढरा सदरा घातला. त्या चिनी बाईंनी थर्मासमधून दुधात कालवलेला मध आणला होता. पाण्यातून नुकत्याच बाहेर आलेल्याला, नवं बाळ म्हणून, सुरुवातीचे ख्रिस्ती लोक दूध आणि मध देत. बाबा थरथरत होते, अर्धं दूध सदऱ्यावर सांडलं. मी रुमालानं पुसलं. पुसताना मला त्यांच्या डोळ्यांकडे बघवेना.

पुढे कितीतरी दिवस मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले. जेवायला या. गोळी घ्या. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तू नव्हतीस तिथे. मीही नव्हतो." ते खरं होतं आणि त्यानं काही सोपं झालं नाही. मी बाथरूमच्या आवाजाकडे कान लावून असायचे. आंघोळी कमी झाल्या नव्हत्या. म्हणजे समुद्रानं काहीच धुतलं नाही, असं मला एकीकडे वाटायचं आणि त्याचं एक प्रकारचं समाधानही व्हायचं.

एका संध्याकाळी मी पोळ्या करत होते. बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. मी तव्यावरची नजर न काढता विचारलं, "काय झालं होतं?"

"दिवस कलला की ती बिथरायची," बाबा म्हणाले. "मी कोणी चोर आहे, घरात घुसलोय, असं ओरडायची. शेजारी गोळा व्हायचे. रोज. एक दिवस मी तिला थोबाडीत मारली. ती एकदम गप्प झाली. मग हात जोडून म्हणाली, साहेब, मारू नका, मी जाते. साहेब म्हणाली मला." मी गॅस बंद केला. "गप्प झाली म्हणून मी दुसऱ्या वेळीही मारलं. हे सांगायला हवं. पहिल्या वेळी तोल गेला होता. दुसऱ्या वेळी मला माहीत होतं."

"आणि आता गेलं ते? धुतलं गेलं?"

"नाही. पण आधी मला फक्त मीच दिसायचो. किती वाईट, किती वाईट. आता तीही दिसते. हात जोडलेली. तेवढाच फरक आहे. बाई म्हणतात, तो फरक लहान नाही. मला माहीत नाही."

मी ओट्याला टेकून रडले. ते जवळ आले नाहीत, आणि आले नाहीत हे बरं झालं. मी त्यांना माफ केलं का, हे मला आजही सांगता येणार नाही. माफ करणारी मी कोण, तेही कळत नाही. जिनं करायचं ती घाबरत घाबरतच गेली.

त्यानंतर महिनाभरानं, आम्ही खाली बाकावर बसलेलो असताना, त्या चिनी बाईंनी बाबांना एक काम सांगितलं. त्यांचे थोरले भाऊ क्वीन्सटाउनला जुन्या फ्लॅटमध्ये राहतात. त्यांनाही तोच आजार. सांभाळायला ठेवलेल्या मुलीला आता रविवारी सुट्टी असते. दुपारी थोडा वेळ कोणी सोबतीला बसलं तर बाईंना चर्चच्या दुपारच्या प्रार्थनेला जाता येईल.

बाबा पांढरे पडले. "मी नाही," ते माझ्यासमोरच बाईंना म्हणाले. "तुम्हाला ठाऊक नाही. पुन्हा तसं झालं तर? माझं पाणी वापरून झालंय."

बाबांनी त्यांनाही सगळं सांगितलं, तिथेच, बाकावर बसून. बाईंनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्या लोकांचाही हाच घोळ झाला होता. पाण्यातून बाहेर आलेली माणसं परत घसरली, तेव्हा त्यांचं काय करायचं यावर ते पिढ्यान्‌पिढ्या भांडले. शेवटी परत यायची वाट ठेवली, पण अवघड, सगळ्यांसमोर रडून मागायची, आणि अनेक ठिकाणी तीही एकदाच. म्हणून तर काही जण मरेपर्यंत थांबून राहिले. बाकीच्यांनी पाणी घेतलं आणि उरलेलं आयुष्य जपून पाऊल टाकत काढलं." मग त्या बाबांकडे वळल्या. "मी तुम्हाला तिथे एकटं सोडणार नाही. माझ्या भावाचीही मला काळजी आहे."

"मी येईन बरोबर," मी म्हणाले. का म्हणाले ते मलाच कळलं नाही. बाबांसाठी म्हणाले की त्या म्हाताऱ्या माणसासाठी, ते सांगता येणार नाही.

पहिल्या रविवारी सगळं शांत होतं. बाईंचे भाऊ, म्हणजे आजोबाच, टीव्ही बघत होते. दुसऱ्या रविवारी ऊन उतरायला लागलं तसे ते अस्वस्थ झाले. बाबांकडे बोट दाखवून त्यांच्या होक्कियन या चिनी बोलीत ओरडू लागले. शब्द कळत नव्हते, अर्थ कळत होता, तू कोण, निघ माझ्या घरातून. त्यांनी हातातला प्लास्टिकचा कप भिरकावला, तो बाबांच्या कानशिलाला लागला. बाबा उठून उभे राहिले.

मी दाराशी स्टुलावर बसले होते. माझं सगळं लक्ष बाबांच्या हातांवर होतं. किनाऱ्यावर झालं होतं तसंच, मला उठता येईना.

बाबा दोन पावलं मागे आले. भिंतीला पाठ लावून हळूहळू खाली सरकले आणि फरशीवर बसले, उंच माणूस एकदम लहान दिसेल असे. दोन्ही हात त्यांनी मांडीखाली दाबून धरले होते. "मी जातो हं," ते मराठीत म्हणाले, "तुम्ही शांत झालात की जातो. घर तुमचंच आहे."

आजोबा ओरडत राहिले, मग पुटपुटत राहिले, मग दमले. त्यांना खुर्चीत बसवायला मी पुढे झाले, तर त्यांनी माझा हात धरला आणि सोडेचनात. तेवढ्यात बाई परत आल्या.

घरी येताना एमआरटीच्या मेट्रोत बाबा शेजारी बसले होते. कानशील जरा सुजलं होतं. मी विचारलं, "पुढच्या रविवारी यायचंय?"

"भीती वाटते," ते म्हणाले.

"मलाही."

"मग दोघं जाऊ," बाबा म्हणाले, आणि आमचं स्टेशन येईपर्यंत आम्ही खिडकीबाहेर बघत बसलो.